खिडकीतून लिहिलेलं नाटक

मंदाकिनी देशकरांच्या स्वयंपाकघराची खिडकी रायपूरच्या बूढ़ापारा वस्तीत धरणा-स्थळाच्या बरोबर समोर उघडते, याला त्यांचं नशीब म्हणा की भोग म्हणा. सकाळी दूध उतू जायच्या बेतात असतं आणि तेवढ्यात तलावाकडून भोंगा सुरू होतो, "हमारी मांगें!" मागून शे-दीडशे बायांचा आवाज येतो, "पूरी करो!" सरकार गेलं नव्या राजधानीत, दूर तिकडे, चकचकीत इमारतीत एसी लावून बसलं. नारे मात्र राहिले बूढ़ापाऱ्यात. म्हणजे ज्यांनी ऐकायचं त्यांच्या कानावर काही जात नाही आणि ज्यांचा काही संबंध नाही त्यांचे कान किटून गेले. यशवंतराव, म्हणजे मंदाकिनीबाईंचे यजमान, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. ते कानात कापूस कोंबून पेपर वाचत बसायचे आणि म्हणायचे, "यांच्या मागण्या मले तोंडपाठ झाल्या. आता मीच जाऊन बसतो चर्चेले."

मंदाकिनीबाईंना कापूस लागत नव्हता. त्या खिडकीत उभ्या राहून बघायच्या. भाजी चिरताना बघायच्या, भाताला आधण ठेवून बघायच्या. बाईंना नाटकं लिहायचं वेड. तात्यापाऱ्यातल्या मराठी मंडळासाठी दर वर्षी एक एकांकिका लिहायच्या आणि दर वर्षी स्पर्धेत त्यांना मिळायचं उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थ! हा शब्द नुसता ऐकला तरी त्यांच्या अंगाची लाही व्हायची. परीक्षक गोड हसून सांगायचे, ताई, भाषा छान, पण जिवंत काही नाही हो. मग या वर्षी जिवंत काहीतरी आपण होऊन खिडकीसमोर येऊन बसलं, तर बाई सोडतील होय?

समोर बसल्या होत्या त्या सरकारी दवाखान्यांतल्या करारावरच्या नर्सा. पक्क्या नर्सांइतकंच काम, त्याच रात्रपाळ्या, तीच बाळंतपणं, पण उद्या नोकरी राहील की नाही याचा भरवसा नाही. त्यांनी संप केला, तर कितीतरी जणींना एका फटक्यात काढून टाकलं. लेकराबाळांच्या बाया रस्त्यावर आल्या. तेव्हा त्यांच्यातली एक पोरगी अन्न सोडून बसली. ती चेतना रामटेके.

चेतना मंदाकिनीबाईंना भेटली ती बाथरूममुळे. हसू नका. मंडपाला परवानगी होती, भोंग्याला होती, पण इतक्या बायांनी जायचं कुठं याचा विचार कोणीच केला नव्हता. नवतप्याचे, म्हणजे ऐन उन्हाच्या कहराचे दिवस, रस्त्यावर डांबर पाघळलेलं, आणि भर दुपारी फाटकाशी एक सडपातळ पोरगी घामाघूम होऊन उभी.

"आंटी, बाथरूम यूज़ कर लूँ?"

आता रायपूरच्या मराठी घरांची एक जुनी खोड आहे. परक्यासमोर झाकून काही बोलायचं असलं की मराठीत बोलायचं. दुकानात भाव पटला नाही, मराठी. पाहुण्याची पोरगी सावळी वाटली, मराठी. जसा काही पडदाच ओढला! त्याच सवयीनं मंदाकिनीबाई मागे वळून यशवंतरावांना म्हणाल्या, "येऊ देऊ का हो? एकीले दिलं की साऱ्याच येतील. घाण करून ठेवतील."

पोरगी फाटकातूनच म्हणाली, "नाई करत घाण, काकू. आमी नर्सा हाओत. दुसऱ्याची घाण साफ करतो आमी."

मंदाकिनीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फाटक उघडताना कडी त्यांच्या हातून दोनदा निसटली.

"तू मराठी आहेस होय गं?"

"हाव. बाबा रेल्वेत होते. आमी मूळचे भंडाऱ्याचे, पण मी इथंच जन्मली."

त्या दिवसापासून देशकरांचं बाथरूम मंडपाला खुलं झालं. दोघी-दोघी यायच्या, बादली भरून ठेवून जायच्या, फाटकाची कडी आठवणीनं लावायच्या. बाकीच्या "थैंक्यू दीदी" म्हणून निघून जायच्या. चेतना मात्र रेंगाळायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून घरच्यासारखी बोलायची. "आई गेल्यापासून घरात मराठी बोलाले कोणी नाई उरलं, काकू. भाऊ हिंदीतच उत्तर देते. तुमच्याशी बोललं की जिभेले बरं वाटते." मंदाकिनीबाईंना पोरबाळ नव्हतं. कोणी आपल्याला काकू म्हणून उंबऱ्याशी बसतं, याचं त्यांना फार सुख वाटायचं, आणि ते त्या लपवतही नव्हत्या.

मग उपोषण सुरू झालं आणि चेतनाचा चेहरा दिवसागणिक उतरत गेला. ओठांना पापुद्रे आले. एका दुपारी ती गोदावरी नावाच्या थोराड नर्सेच्या खांद्यावर हात टाकून आली. गोदावरी अंगणातल्या नळावर तोंडावर पाणी मारत राहिली आणि चेतना बाथरूममधून निघाली ती भिंत धरधरून. उंबऱ्याशी येऊन मटकन खाली बसली. गॅसवर तुरीचं वरण उकळत होतं, वर नुकतीच लसणाची फोडणी पडलेली.

आता सांगा, विदर्भातल्या घरची बाई. दारात आलेलं माणूस उपाशी जाताना बघितलं की हिच्या पोटात कालवतं. मंदाकिनीबाईंनी वाटीत भात घेतला, त्यावर वरण ओतलं, तूप सोडलं आणि पोरीपुढं धरला.

"नको काकू."

"एक घास."

"काकू, मी उपासाले बसली हाय."

"माहीत आहे मले. एकच घास खा. कोणी पाहून नाई राहिलं." आणि नळाशी उभ्या गोदावरीकडे मानेनं खूण करून, आवाज जरासुद्धा न उतरवता त्या म्हणाल्या, "तिले काय कळते मराठी! खाऊन घे पोरी. माझी शपथ हाय तुले."

शपथ घातली! दुसरं काही म्हणाल्या असत्या तर पोरगी उठून गेली असती. वाटीकडे बघत राहिली ती. मग एक घास घेतला, मग दुसरा, आणि मग वाटी निपटून काढली. खाताना तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. हात धुऊन तिनं मंदाकिनीबाईंचा पदर धरला.

"कोणाले सांगू नका, काकू. माह्यासाठी नाई म्हणत. ज्या काढल्या त्या साऱ्या बाया माह्या भरवशावर बसल्या हायेत. हे बाहेर गेलं तर आमच्याशी कोणी बोलनार बी नाई."

"वेडी का काय! माझ्या तोंडून नाई निघणार."

तोंडून नाहीच निघालं. हातातून निघालं. त्याच संध्याकाळी मंदाकिनीबाई टेबलाशी बसल्या आणि जे लिहीत सुटल्या ते जेवणाचंही भान राहिलं नाही. चार दिवस अडून बसलेली एकांकिका धडाधड पुरी झाली. नायिकेचं नाव बदललं, तलावाचं नाव गाळलं. नर्स मात्र नर्सच ठेवली, कारण विषय गरम होता. शेवटच्या प्रवेशात अन्न सोडून बसलेली नर्स पाणी मागायला एका घरात जाते, घरात कोणी नसतं, आणि ती चुलीवरचं वरण चोरून खाते. बाहेर तिच्या नावाचा जयजयकार चाललेला, आत ती बोटं चाटते, पडदा. वाढणारी बाई नाटकात नव्हतीच. कोणी हातानं वाढलं की नाट्य जातं, असं मंदाकिनीबाईंनी स्वतःला सांगितलं आणि ते त्यांना लगेच पटलंही.

मनात एकदा पाल चुकचुकली. नाही असं नाही. पण नाटक मराठीत. बघायला येणार मंडळाचे म्हातारेकोतारे, त्यातले निम्मे पहिल्या प्रवेशात डुलक्या घेणार. मंडपातलं कोण येतंय तात्यापाऱ्यात मराठी नाटक बघायला? पुन्हा तोच पडदा! एकदा फाटकाशी तोंडघशी पडून बाईंना अक्कल आली नव्हती ती नव्हतीच.

मंडळाचा दिग्दर्शक नीलेश. मराठी घरातला, मराठी सगळं कळतं, नाटकं बसवतो मराठी, पण तोंड उघडलं की हिंदी. शेवटचा प्रवेश वाचून तो खुर्चीतून उठलाच. "काकू! ये क्या लिख दिया आपने! रोंगटे खड़े हो गए।" तालमीत रूपाली नावाची मुलगी बोटं चाटायची तेव्हा हॉलमध्ये चहा आणणारा माणूसही थांबून बघायचा. मंदाकिनीबाईंच्या कानात आता उत्तेजनार्थ वाजत नव्हतं. प्रथम वाजत होतं.

आणि मग नीलेशनं घात केला. घात म्हणजे काय, बिचाऱ्यानं भलंच केलं त्याच्या परीनं. "काकू, धरनेवाली सब दीदियों को न्यौता दे आया हूँ। सामने की दो लाइन उनकी। और पेपर में भी दे दिया, इतवार सुबह छपेगा, शाम को शो।"

मंदाकिनीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"पेपरात काय दिलं तू?"

"वही, स्टोरी।"

त्या घरी आल्या तर चेतना फाटकाशी. अंगात त्राण नव्हतं, गोदावरीचा दंड धरून उभी होती, पण चेहरा फुललेला. "काकू! तुमी आमच्यावर नाटक लिवलं म्हणे! मले सांगितलं बी नाई! साऱ्या येऊन राहिल्या पाहाले. मी बी येतो म्हटलं, पण ह्या मले तितक्या दूर जाऊ नाई देत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सोमवारी बोलावलं आमाले. चर्चेले. पहिल्यांदा बोलावलं, काकू. काढलेल्या साऱ्या परत घेतील असं वाटून राहिलं." आणि मग पोरीसारखं, "शेवटी काय होते ओ नाटकात? जिंकतो ना आमी?"

"पाहाल ना," मंदाकिनीबाई म्हणाल्या. पोरगी बाथरूमला जाऊन आली, गोदावरीनं बादली भरली, पोरीनं कडी लावली आणि दोघी गेल्या. मंदाकिनीबाई इकडच्या खोलीतून तिकडे, तिकडून इकडे. कूलर सुरू करून बंद केला, बंद करून सुरू केला. खिडकीशी गेल्या तर समोरचा मंडप बघवेना.

"काहून अशी घिरट्या घालून राहिली?" यशवंतरावांनी कानातला कापूस काढला.

बाईंनी सगळं सांगितलं. वाटीचं, शपथेचं, नाटकाचं. यशवंतरावांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "बाई, तू तिले घरात घेऊन जेवू घातलं, अन् बाहेर जाऊन ओरडून राहिली का चोर चोर. जा अन् सांगून टाक तिले. नाई तर तो सीन काढ."

"सीन काढला तर नाटकात उरते काय?" हे त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि निघाल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली.

सांगायला गेल्या नाहीत. धीरच झाला नाही. गेल्या त्या नीलेशकडे. तो सीन काढून टाक म्हणाल्या, हातापाया पडायच्या बाकी राहिल्या. नीलेशनं ऐकून घेतलं आणि अगदी समजूतदारपणे म्हणाला, "काकू, बुरा मत मानना। वही तो एक सीन है। बाकी सब नारे हैं, वो तो आपकी खिड़की से कोई भी सुन ले। और फिर, काल्पनिक ही है ना?"

काल्पनिक! नाही म्हणावं तर गुपित उघडं. हो म्हणावं तर सीन राहणार. मंदाकिनीबाई मूग गिळून परत आल्या. त्या रात्री कसली झोप नि कसलं काय.

रविवारी सकाळी पेपर दारात पडला. आतल्या पानावर रूपालीचा मोठा फोटो, बोटं तोंडात, डोळे चोरासारखे. वर ठळक अक्षरांत छापलेलं, अनशन पर बैठी नर्स, रसोई में चोरी से भरपेट। खाली लिहिलेलं की लेखिकेचं घर धरणा-स्थळासमोरच आहे आणि आंदोलनातल्या बायांचं त्यांच्याकडे येणंजाणं आहे. यशवंतरावांनी वाचलं, चष्मा काढला आणि पेपर उलटा करून ठेवला. आणि मंदाकिनीबाईंच्या ध्यानात आलं की आज सकाळपासून भोंगा वाजलेला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बूढ़ापारा गप्प होता.

पायात चपला सरकवून त्या तशाच निघाल्या. रस्ता ओलांडला की मंडप. खिडकीतून किती वेळा बघितला असेल, पण आत पाऊल टाकलं ते आज. आत काय उकाडा! वरून ताडपत्री तापलेली, खाली सतरंजीवर चिकचिक, घामाचा आणि फिनाइलचा वास. खिडकीतून हे काहीच दिसत नव्हतं. दिसायचे ते हात आणि झेंडे. एका नर्सेच्या मांडीवर तान्हं निजलं होतं, ती त्याला पेपरानंच वारा घालत होती. तोच पेपर. बायांनी मंदाकिनीबाईंना वाट करून दिली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

चेतना पलीकडे गादीवर पडली होती. ओढणी कपाळापर्यंत ओढलेली. मंदाकिनीबाई जवळ बसल्या तेव्हा तिनं डोळे उघडले.

"मी चोरून खाल्लं, काकू?"

"नाई गं... नाटकात तसं लागते..."

"तुमी शपथ घातली होती मले."

मंदाकिनीबाईंना रडू फुटलं. आजूबाजूला इतक्या बाया ऐकत होत्या, आणि पोरगी गुपित उघडं बोलून राहिली होती. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "हळू बोल, या साऱ्या..."

पायथ्याशी बसलेली गोदावरी छत्तीसगढीत म्हणाली, "हमन सब समझथन, दीदी। हमर वार्ड म आधा सिस्टर मराठी हें।" आणि मग, जरा अडखळत पण नीट मराठीत, जसं ऐकलं होतं तसं तिनं म्हणून दाखवलं, "तिले काय कळते मराठी. खाऊन घे पोरी. माझी शपथ हाय तुले."

मंदाकिनीबाईंचं रडूही थांबलं.

"उस दिन नल पे सब सुना मैंने," गोदावरी आता हिंदीत बोलायला लागली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "शाम को सबको बता दिया। सबने बोला, अच्छा हुआ खा लिया, नहीं तो मर जाती लड़की। बच्चे-बच्चे को मालूम है यहाँ। इतने लोग हैं हम, किसी के मुँह से नहीं निकला, दीदी। आप तो एक ही थीं।"

बायांनी माना खाली घातल्या, जणू लाज त्यांचीच होती. मंदाकिनीबाई चेतनाचा हात धरायला गेल्या, तर पोरीनं तो ओढणीखाली घेतला.

तेवढ्यात मंडपाच्या तोंडाशी गडबड झाली. पेपरचा वार्ताहर आला होता, सोबत कॅमेरावाला. मंदाकिनीबाई तिथं सापडल्या म्हणून त्याला तर सोन्याहून पिवळं झालं. "अरे मैडम, आप यहीं हैं! बढ़िया। देखिए, ऊपर से पूछ रहे हैं कि अनशन असली है या नाटक। कल की बातचीत इसी पे अटकी है। आप बता दीजिए, ये सीन सच है? आपके घर का है?"

शे-दीडशे डोळे मंदाकिनीबाईंवर. चेतनानं डोळे मिटून घेतले होते. बाई उठून उभ्या राहिल्या.

"लिखो," त्या म्हणाल्या. "सब झूठ है। मन से बनाया मैंने।"

"पूरा?"

"पूरा। इस मंडप में आज पहली बार पाँव रखा है। खिड़की से देखती थी और लिखती थी। मुझे कुछ नहीं मालूम इनके बारे में।"

"लेकिन ये लोग आपके घर आती-जाती हैं ना? रसोई तो आपकी..."

"बाथरूम के लिए आती हैं।" मग त्या जन्मात कधी बोलल्या नव्हत्या ते वाक्य बोलल्या. "मेरी रसोई में इनमें से किसी ने कभी एक दाना नहीं खाया।"

वार्ताहराचा चेहरा पडला. त्यानं आणखी दोन-चार प्रश्न फिरवून फिरवून विचारले, बाई हटल्या नाहीत. तो गेला. मंडपात कोणीतरी भोंग्याची वायर जोडली, खरखर झाली आणि पहिला नारा उठला. मंदाकिनीबाई जरा वेळ थांबल्या. चेतना काही म्हणेल, निदान वळून बघेल, असं त्यांना वाटत होतं. चेतना कूस बदलून पडून राहिली.

तिथून त्या तडक तात्यापाऱ्यात गेल्या आणि नीलेशला म्हणाल्या, प्रयोग होणार नाही, मी लेखिका आहे, माझी परवानगी नाही. नीलेश चिडला, रूपाली रडली, मंडळाच्या चिटणिसांनी डोक्याला हात लावला. संध्याकाळी त्याऐवजी एक जुना फार्स उरकला, लोक पोट धरधरून हसले म्हणे. सोमवारी पेपरात आलं, लेखिका ने माना, आंदोलन देखे बिना ही लिख डाला नाटक। मंडळात हे वाक्य बरेच दिवस चघळलं गेलं. हळदीकुंकवाला गेलं तरी कोणीतरी हसून विचारायचं, काय मंदाताई, खिडकीतून नवीन काय दिसतंय? स्पर्धेत या वर्षी उत्तेजनार्थही मिळालं नाही. याचं बाईंना काही वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. वाटलं. चांगलं झोंबलं.

चर्चा झाली. काढलेल्या नर्सांना परत घेतलं, करार मोडून पक्क्या करायचं मात्र समितीवर ढकललं. उपोषण सुटलं, धरणं सुरूच राहिलं. चेतनाला मोसंबीचा रस पाजला तेव्हा बाया नाचल्या, गुलाल उडाला. मंदाकिनीबाईंनी ते बघितलं खिडकीतूनच. तिकडे जायला पाय उचलला नाही.

नर्सा बाथरूमला येतच राहिल्या. गोदावरी यायची, बादली भरायची, हालहवाल विचारायची. चेतना यायची नाही. ती तलावाच्या पार पलीकडच्या सार्वजनिक संडासात जायची, डोक्यावर ओढणी घेऊन, उन्हातान्हाची. मंदाकिनीबाई तिला जाताना बघायच्या आणि येईपर्यंत खिडकीतून हलायच्या नाहीत. रोज मनाशी म्हणायच्या, आज येईल. फाटकाची कडी वाजली की हातातलं टाकून धावायच्या, आणि दुसरीच कोणी असायची.

मग एका दुपारी पलीकडच्या संडासाला कुलूप लागलं, पाणी संपलं म्हणून. मंदाकिनीबाई वरणाची डाळ घोटत होत्या. कडी वाजली. फाटकाशी चेतना उभी. गालांवर थोडं मांस आलं होतं, केस नीट विंचरलेले.

"आंटी, बाथरूम यूज़ कर लूँ?"

मंदाकिनीबाईंच्या हातात रवी तशीच राहिली.

"ये ना गं," त्या म्हणाल्या. "ये. विचारते काय?"

चेतना आत गेली. बाहेर आली, बादली भरली, नळ घट्ट बंद केला. गॅसवर तेल तापलं होतं, लसूण सोलून पडला होता. जेवून जा, हे शब्द मंदाकिनीबाईंच्या अगदी ओठांवर आले. आयुष्यभर दारातल्या प्रत्येकाला म्हटलेले दोनच शब्द. त्यांनी ते गिळले. पोरगी उंबऱ्याकडे न बघता अंगणातून गेली.

"थैंक्यू, आंटी।"

फाटकाची कडी तिनं आठवणीनं लावली.

पुढच्या खोलीतून यशवंतरावांनी कानातला कापूस न काढताच विचारलं, "कोण होतं?"

मंदाकिनीबाईंनी तापल्या तेलात लसूण टाकला. तो चांगला लाल होऊ दिला.

"कोणी नाई," त्या म्हणाल्या. "मंडपातली एक बाई होती."